पॅड-डिस्क नवीन, तरी ब्रेक लागेना: पिकअपचा दोष कुठून शोधायचा

"पुढचे पॅड टाकले, डिस्क टाकल्या, मजुरी दिली, अन् गाडी आधीपेक्षा उशिरा थांबायली." ही तक्रार घेऊन पिकअपवाले वर्षभर येतात. सोयाबीन निघालं की जास्तच येतात, कारण तेव्हा गाडी पूर्ण भरून मोंढ्यावर निघते आणि रिकाम्या गाडीत लपलेला दोष भाराखाली उघडा पडतो. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: पॅड डुप्लिकेट लागले का? कधी कधी लागलेले असतात. पण दोष नवीन सामानात कमी आणि न उघडलेल्या जागेत जास्त सापडतो. मागच्या ड्रममध्ये, जुन्या ब्रेक ऑइलमध्ये, व्हॅक्यूमच्या पाइपात, किंवा काम करताना आत शिरलेल्या हवेत. म्हणून दुसरा पॅडसेट आणण्याआधी खालच्या क्रमाने बघत जा.

हे सगळं पुढे डिस्क, मागे ड्रम, ऑइलचा ब्रेक आणि व्हॅक्यूम बूस्टर (व्हॅक्यूमच्या ओढीने पायाचा जोर वाढवणारा डबा) असलेल्या गाड्यांसाठी आहे. पिकअप, छोटा हत्ती आणि त्या वर्गातले टेम्पो यात येतात. दहा-बारा चाकी ट्रकचा हवेचा ब्रेक वेगळा असतो. तो इथलं वाचून खोलू नका.

आधी लक्षणं

ब्रेक "नरम" झाला एवढं सांगून भागत नाही. पाय ठेवल्यावर पेडल कसं वागतं ते नीट बघा, निम्मा शोध तिथेच संपतो.

पेडल वरच थांबतं, कडक लागतं, जोर लावावा लागतो आणि गाडी घसरत पुढे जाते: व्हॅक्यूम किंवा बूस्टरकडे बघायचं. पेडल स्पंजासारखं दबतं आणि दोन-तीनदा पंप मारल्यावर वर येतं: हवा. पेडल कडक आहे पण खूप खाली जाऊन लागतं, दुसऱ्यांदा दाबलं की वर लागतं: मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) ढिले आहेत किंवा पुढच्या हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्याचं, बेअरिंग हलतंय. पाय दाबून ठेवला तर पेडल हळूहळू खाली सरकत राहतं: मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की लाइनमध्ये ऑइल ढकलणारा), नाहीतर कुठेतरी गळती. पेडल अगदी बरोबर वाटतं, पण पकड नाही: पॅड अजून बसले नाहीत, पॅड-डिस्कला तेलकटपणा आहे, किंवा मागचा ब्रेक कामच करत नाही. आणि गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढच्या दोन चाकांपैकी एकच काम करतंय.

तीन खुणा दिसल्या तर गाडी जागची हलवायची नाही: पेडल तळाला टेकतं, चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसतं, किंवा डबीतलं ऑइल कालपेक्षा आज कमी आहे. "हळू हळू नेतो गॅरेजपर्यंत" म्हणून निघू नका. टोचन लावायचं असेल तर लोखंडी दांड्याचं लावा. दोरीवर ओढलेल्या गाडीला स्वतःचा ब्रेक लागतोच.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑइलची डबी बघा. पॅड झिजत जातात तसे कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर येतात आणि डबीतली पातळी उतरते. नवीन जाड पॅड बसवताना पिस्टन मागे दाबले की तेच ऑइल परत डबीत येतं. म्हणजे कामानंतर पातळी वरच्या खुणेजवळ असायला हवी. ती खाली असेल तर एकतर ऑइल सांडलंय किंवा कुठेतरी गळतंय. ऑइलचा रंगही बघा. चहासारखं काळपट झालं असेल तर ते बदलायला आलं आहे.

त्याच वेळी डबीच्या झाकणाचं रबर बघा. ते फुगून वेडंवाकडं झालं असेल तर कोणीतरी ब्रेकच्या डबीत स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल ओतलंय. खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात. मास्टर, कॅलिपर, व्हील सिलिंडर (ड्रमच्या आत लायनर बाहेर ढकलणारा), होज, सगळीकडची रबरं बदलून लाइन धुवावी लागते. हे दिसलं तर इथेच थांबा, मिस्त्रीला बोलवा.

आता बूस्टर. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपतो. मग पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. दुसरी परीक्षा: इंजिन मिनिट-दोन मिनिटं चालवून बंद करा आणि थांबून थांबून पेडल दाबा. पहिल्यांदा खोल, मग दर वेळी थोडं वर लागलं पाहिजे. पहिल्याच दाबाला कडक लागलं तर व्हॅक्यूम टिकत नाही. पाइपाची चीर, ढिली क्लिप किंवा एकमार्गी व्हॉल्व्ह बघा. हा व्हॉल्व्ह उलटा बसवल्याचंही सापडतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिझेल वाचवायला मांजरसुंब्याच्या किंवा कन्नडच्या घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणारे अजूनही आहेत. इंजिन बंद झालं की व्हॅक्यूम पंप बंद. बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरता साठा असतो. तिसऱ्या वळणावर पेडल कडक होतं आणि माणसाला वाटतं ब्रेक फेल झाला. न्यूट्रलमध्ये उतरलं तरी इंजिनाचा आवर सुटतो आणि सगळा भार पॅडवर येतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

शेवटची फुकटची तपासणी: दहा-बारा किलोमीटर चालवून सपाट जागी थांबा आणि चाकाच्या फटीतून पुढची डिस्क बघा. पॅड घासतो तो पट्टा पूर्ण रुंदीचा आणि एकसारखा चमकायला हवा. अर्धा पट्टा चमकतोय आणि अर्ध्यावर गंज किंवा रंग तसाच असेल तर पॅड पूर्ण टेकत नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन मॉडेलच्या डिस्क व्यासाने सारख्या पण उंचीने वेगळ्या असतात, ते अशा वेळी कळतं. आतली बाजूही बघायला विसरू नका. चारही हबांजवळ हात नेऊन, न टेकवता, ऊब बघा. एक फार तापलंय तर तिथे ब्रेक अडकतोय, जोडीतलं एक थंडच आहे तर तिथे लागतच नाही. डिस्कला बोट लावू नका, भाजेल.

पॅड बसवले, पण "बसले" का?

नवीन पॅड पहिल्या दिवशी पूर्ण पकड देत नाहीत. पॅडचा पातळ थर डिस्कवर एकसारखा चढावा लागतो, तेव्हा खरी पकड येते. बाकी सगळं ठीक असेल तर एवढ्यानेच तक्रार मिटते. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, गाडी रिकामी, मागे कोणी नाही हे बघून 50 च्या वेगावरून 15 पर्यंत मध्यम दाबाने ब्रेक लावा. पूर्ण थांबू नका. परत वेग घ्या, अर्धा मिनिट हवा लागू द्या, पुन्हा तेच. आठ-दहा वेळा करा. मग पाच-सहा किलोमीटर ब्रेक जवळजवळ न वापरता चालवा. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहायचं नाही, पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि पुढे पेडल थरथरतं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पूर्ण भार आणि घाट टाळा.

पकड सुधारली नाही तर चाक काढा.

नव्या डिस्कला गंज धरू नये म्हणून तेलकट थर लावलेला येतो. तो ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसायचा असतो. घाईत पुष्कळदा तशीच डिस्क चढते आणि पॅड ते तेल पितात. डिझेल किंवा रॉकेलने पुसलं तर थर जाऊन दुसरा थर बसतो. पॅड नुसता चकचकीत झाला असेल तर पॉलिश पेपरने घासून चालतो. पण ब्रेक ऑइल किंवा ग्रीस मुरलं असेल तर तो टाकून द्या, दोन्ही बाजूंची जोडी बदला. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती छातीत जाते.

पॅड उलटा, म्हणजे पत्रा डिस्ककडे, बसलेला नाही ना हेही बघा. हे वाचायला विचित्र वाटतं, पण घडतं. डिस्क आणि हबच्या मधला गंज तारेच्या ब्रशने काढलेला नसेल तर डिस्क तिरकी फिरते, दर फेरीला पॅडना मागे ढकलते आणि पेडल खोल जातं.

मागचे ड्रम

पुढचं काम करताना मागे कोणी हात लावत नाही, आणि तक्रार तिथेच शिल्लक राहते. रिकाम्या पिकअपमध्ये पुढचे ब्रेक बरंचसं काम करतात, म्हणून गॅरेजचं पोरगं गल्लीत फिरवून आणतं आणि "मस्त लागायलाय" म्हणतं. टन-दीड टन माल मागच्या अ‍ॅक्सलवर बसला की थांबवायचं बरंच काम मागच्या चाकांकडे जातं. तिथे लायनर ढिले असतील तर पुढे कितीही नवीन पॅड टाका, भरलेली गाडी थांबणार नाही. शिवाय ढिले लायनर ड्रमला टेकेपर्यंत व्हील सिलिंडरला जास्त ऑइल लागतं, त्यातच पेडलची निम्मी चाल जाते.

समोरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, मागचं चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर हात घालायचा नाही. हँडब्रेक सोडा. बॅकप्लेटच्या भोकातून दातेरी अ‍ॅडजस्टर स्क्रूड्रायव्हरने फिरवत चाक घट्ट होईपर्यंत न्या, मग चाक हाताने मोकळं फिरेल आणि लायनर जेमतेम घासेल इतकं मागे घ्या. दोन्ही बाजू सारख्या. हँडब्रेकची केबल याच्यानंतर जुळवा. आधी केबल ताणली तर लायनरचे शू अर्धवट उघडे राहतात आणि आपोआप जुळणारा अ‍ॅडजस्टर कामच करत नाही. अ‍ॅडजस्टर फिरतच नसेल तर काळ्या मातीचा चिखल आणि गंज धरून तो जाम झालाय, ड्रम उघडावा लागेल.

ड्रम उघडलाच तर दोन गोष्टी बघा. व्हील सिलिंडरचं रबरी टोपण बोटाने उचला, आत ओलं असेल तर ते गळतंय. लायनर काळे, चिकट आणि गिअर ऑइलच्या वासाचे असतील तर अ‍ॅक्सलचं सील गेलंय. भरपूर भार वाहणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं आहे. सील बदलताना हौजिंगवरचा श्वास घेण्याचा छोटा व्हॉल्व्ह साफ करून घ्या. तो चिखलाने बुजला की हौजिंग तापल्यावर आत दाब वाढतो आणि नवीन सीलही ऑइल सोडतं. तेलकट लायनर धुऊन परत लावू नका. डिझेलने धुतलेला लायनर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल सोडतो.

हवा आणि ऑइल

कॅलिपरचा पाइप सुटला, डबी रिकामी झाली किंवा निप्पल (चाकापाशी हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडा राहिला की हवा आत जाते. ऑइल दबत नाही, हवा दबते. पायाचा जोर बुडबुडे दाबण्यात जातो आणि पॅडपर्यंत पोचत नाही.

हवा काढण्याआधी कॅलिपर बघा. निप्पल वरच्या टोकाला असला पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे बसला तर निप्पल खाली जातो, हवा वर अडकते आणि कितीही ऑइल काढलं तरी पेडल स्पंजच राहतं.

दोन माणसं लागतात. मास्टर सिलिंडर उजवीकडे असतो, म्हणून साधारणपणे सर्वांत लांबच्या मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तो पाळा. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोड्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल पाव-अर्धा फेरा उघडायचा, बंद करायचा, आणि "सोड" म्हटल्यावरच पाय उचलायचा. डबी मधे मधे भरत राहा.

पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा आणि पाय तळापर्यंत जाऊ देऊ नका. रोजच्या चालीत मास्टरचे रबर सिलिंडरच्या एका ठराविक भागातच फिरतात. पुढचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला, कचरा आणि गंज साठलेला असतो. हवा काढताना पेडल तळाला आपटलं की रबर त्या खरखरीत भागावर घासतात. आदल्या दिवशी चांगला असलेला मास्टर दुसऱ्या दिवशी का गेला, याचं हे मोठं कारण आहे. पिस्टन मागे दाबतानाही निप्पल उघडून घाण ऑइल बाहेर काढायचं, उलटं वर ढकलायचं नाही.

ऑइल सीलबंद छोट्या बाटलीतलं घ्या आणि डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचंच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट 3 चा उकळबिंदू नवीन असताना किमान 205 अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर 140 पर्यंत येतो. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. घाटात डिस्क आणि कॅलिपर तापले की ओलसर ऑइल उकळतं, त्याची वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. थंड झाल्यावर ब्रेक परत येतो, म्हणून गॅरेजमध्ये दोष दिसत नाही. सकाळी चांगला आणि उतारावर नरम, अशी तक्रार असेल तर सगळं ऑइल बदला. एरवीही दोन वर्षांनी बदलावं. काढलेलं ऑइल परत ओतू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

गाडीला एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि डबी पूर्ण रिकामी झाली असेल तर हवा एबीएसच्या युनिटमध्ये जाते. ती काढायला बहुतेक गाड्यांत स्कॅनर लागतो, घरी पंप मारत बसू नका.

पाटे वाढवलेत का?

अनेक पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला एक दांडी जोडलेली असते आणि ती चॅसिसवरच्या एका व्हॉल्व्हला हलवते. गाडी भाराने खाली बसली की दांडी व्हॉल्व्ह उघडते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. रिकामी असेल तर दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत.

आपल्याकडे ऊस, कापूस, सिमेंट भरायचं म्हणून पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवतात. गाडी भरली तरी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा दाब तोडून ठेवतो. माल दुप्पट आणि मागचा ब्रेक अर्धा. हा दोष पॅड, डिस्क, मास्टर सगळं बदलूनही जात नाही, कारण त्यातलं काहीच बिघडलेलं नसतं. गाडीखाली झोपून दांडी मोडली आहे का, जाम आहे का, तारेने बांधून टाकली आहे का एवढं बघा. जुळवणी मात्र स्वतः करू नका. त्याला मापं आणि दाबाचे गेज लागतात, आणि अंदाजाने वाढवलं तर पावसात रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी होते. जास्तीचे पाटे काढणं हा खरा उपाय आहे.

हात काळे होणारी कामं

इथून पुढे हत्यारं आणि सवय दोन्ही लागतात. कॅलिपरच्या सरकत्या पिना हाताने सहज हलल्या पाहिजेत. जाम असतील तर एकच पॅड दाबला जातो आणि तो तिरका झिजतो. पिना साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. चॅसिसचं ग्रीस लावलं की रबर फुगून पिना पुन्हा अडकतात. पिस्टन मागे जायला फार जोर लागत असेल तर निप्पल उघडून बघा. उघडल्यावर सहज गेला तर रबरी होज आतून बुजलाय, तरीही जाम असेल तर पिस्टन गंजलाय. होज बाहेरून चांगला दिसतो आणि आतून सुजलेला असतो, त्यामुळे तो शेवटपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. चाक जॅकवर असताना वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर बेअरिंग आधी.

इथे थांबा

गळती, मास्टर सिलिंडर, बूस्टर, व्हॅक्यूम पंप, लोखंडी ब्रेक पाइप आणि एबीएस ही कामं अनुभवी मिस्त्रीची आहेत. इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरल्यावर ते सरकत असेल आणि बाहेर कुठेही ओलं नसेल, तर मास्टर आतून दाब सोडतोय. त्याला रबरांचं किट टाकण्यापेक्षा नवीन मास्टर बसवा. सिलिंडरवर ओरखडे असतील तर किट टिकत नाही. व्हॅक्यूम पंप बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे असतो. अल्टरनेटरचं काम नुकतंच झालं असेल आणि पेडल कडक झालं असेल तर हे मिस्त्रीला आवर्जून सांगा.

त्याच्याकडे जाताना "ब्रेक लागत नाही" एवढंच सांगू नका. पेडल कसं वागतं, रिकामं की भरून, थंड असताना की घाटात, कोणतं सामान कधी बदललं, ऑइल कधी बदललं आणि पाटे वाढवलेत का, हे सगळं सांगा. त्याचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसे.

काम झाल्यावर पहिली फेरी रिकाम्या गाडीची, सपाट रस्त्यावर, 30 च्या आत. मग अर्धा भार. दुसऱ्या दिवशी सकाळी डबीतली पातळी, चारही चाकांच्या आतल्या बाजू आणि निप्पल बघा. सगळं कोरडं असेल आणि पेडल काल होतं तिथेच लागत असेल तर माल भरा.